तिला बोलकी करायची घाई नको

तुझ्या कादंबरीची पहिली चार प्रकरणं वाचून झाली. भाषा छान उतरली आहे, हे तोंडदेखलं म्हणत नाही. पण चौथं प्रकरण काढून टाक. नव्या शाळेत आलेली, तोंडातून शब्द न फुटणारी पोरगी महिनाभरात वक्तृत्व स्पर्धेला उभी राहते काय, टाळ्यांचा कडकडाट होतो काय आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग तिच्या बाकाशी जमतो काय! माझी सगळी नोकरी आठवी ते दहावीच्या वर्गांवर गेली. शाळेला ढाली आणून देणाऱ्या मुली मधल्या सुट्टीत एकट्या डबा खाताना पाहिल्यात. वर्षभर ज्यांचा आवाज बाईंना धड ऐकू आला नाही, अशा मुलींच्या गळ्यात गळा घालून घरी जाणाऱ्या मैत्रिणीही पाहिल्यात. बोलता येणं आणि मैत्री जमणं यांचा संबंध असतो, पण तू धरतेस तेवढा नाही.

तेव्हा आत्याचा पहिला कानमंत्र असा की, तिला बरी करायला जाऊ नकोस. लाजाळूपणा म्हणजे काही ताप नव्हे, पुस्तक संपायच्या आत उतरायलाच हवा असा. शेवटच्या पानावरही ती तशीच राहू दे. तोवर तिच्या गप्प बसण्याची सवय झालेली दोन-तीन माणसं तिच्याजवळ आलेली असली की झालं. ती माणसं कशी सापडली, एवढीच तुझी गोष्ट आहे आणि ती दोनशे पानं सहज पुरते.

दुसरं म्हणजे 'लाजाळू', 'बुजरी', 'अबोल' हे शब्द तुझ्या पानापानांत आहेत, ते खोडून टाक. वाचणाऱ्याला ते सांगावं लागू नये, दिसावं. काय दिसावं ते मी सांगते, कारण ते मी रोज टेबलाच्या या बाजूनं पाहिलं आहे.

अशी मुलं दिवसभर हिशेब करत असतात. हजेरी सुरू झाली की आपला नंबर यायला अजून किती आहेत ते मोजायचं, तीन नंबर आधीपासून घसा साफ करत राहायचं आणि एवढं करून 'हजर' इतकं हळू म्हणायचं की बाईंनी मान वर करून विचारावं, "आलीय का गं ती?" मग अख्खा वर्ग मागे वळून बघणार. धडा वाचायची पाळी बाकांवरून फिरत येते, तेव्हा आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे आधीच काढून ठेवायचं, तो मनातल्या मनात वाचून ठेवायचा, त्यातला जोडाक्षरांचा अवघड शब्द दोनदा घोळवायचा आणि नेमकं बाईंनी पुढच्या मुलीला अर्ध्यावर थांबवायचं. झालं, परिच्छेद बदलला! पेनातली शाई संपली तर शेजारणीकडे पेन मागण्याऐवजी पेन्सिलीनं लिहून घ्यायचं आणि घरी जाऊन सगळं पुन्हा उतरवायचं. तासाला उठून परवानगी मागावी लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. हे शेवटचं आयांना कळतं तेव्हा त्या घाबरतात. तुझ्या कादंबरीतल्या आईला ते बाटलीवरून कळू दे. बाटली रोज भरलेली परत येते.

मधल्या सुट्टीवर तर एक अख्खं प्रकरण होईल. डबा संपतो सात-आठ मिनिटांत. उरलेल्या वेळात उभं कुठे राहायचं? म्हणून नळावर डबा घासूनपुसून धुवायचा. मग सूचनाफलक वाचायचा. शाळेचा सूचनाफलक सगळ्यात बारकाईनं कोण वाचत असेल, तर ज्याला सुट्टीत कुठे उभं राहावं हे कळत नाही तो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, हरवलेला कंपास, गेल्या वर्षीच्या चित्रकला परीक्षेचा निकाल, सगळं त्याला पाठ. या माहितीचा तुला पुढे उपयोग करता येईल. मुदत उद्या संपते हे वर्गात फक्त तिलाच ठाऊक आहे, आणि सांगावं तर तोंड उघडावं लागणार. बघ, भाषणाच्या स्पर्धेपेक्षा हा प्रसंग कितीतरी कठीण आहे.

आणि एक गोष्ट जवळपास सगळे लिहिणारे विसरतात. अशी मुलगी वर्गाला लाजाळू वाटतच नाही, शिष्ट वाटते. नवीन आली, कुणाशी बोलत नाही, नमस्कार-चमत्कार नाही, म्हणजे स्वतःला कोण समजते! आतून तिला वाटत असतं की आपण कुणाला नको आहोत. बाहेरून वर्गाला वाटत असतं की हिला आपण नको आहोत. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या नकाराची वाट बघत बसलेत. तुझी पहिली पन्नास पानं या एका गैरसमजावर चालतील. त्यासाठी दुष्ट मुलगी आणायची गरज नाही. तुझी ती केस उडवणारी मॉनिटर मला हिंदी सिनेमातून आल्यासारखी वाटली.

आता सांगायचं कुणाच्या तोंडून, हा प्रश्न. तू तृतीयपुरुषी लिहिते आहेस. माझं ऐकशील तर तिलाच 'मी' म्हणू दे. जी वर्गात बोलत नाही तिला कागदावर बोलायला बसव, मग बघ कशी सुटते. स्टीफन शबॉस्कीची 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' ही १९९९ सालची कादंबरी याच युक्तीवर उभी आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या उपनगरातला चार्ली हा पंधरा वर्षांचा मुलगा १९९१ साली हायस्कूलच्या पहिल्या वर्षात जातो. तो कुणालातरी पत्रं लिहितो. कुणाला, ते शेवटपर्यंत कळत नाही. घरात-शाळेत चार शब्दांत आटपणारा हा मुलगा पत्रांत मात्र सगळं सांगतो: कोण कुणाकडे बघतं, कोण बघून न बघितल्यासारखं करतं, बहीण का रडली. मोठी सॅम आणि तिचा सावत्र भाऊ पॅट्रिक त्याला आपल्यात घेतात, ते त्याच्या गप्पांवर भाळून मुळीच नाही. हा बघतो, त्याला कळतं आणि तो कुठे बोभाटा करत नाही, हे त्यांनी ओळखलेलं असतं. वर्गातल्या गप्प मुलाचं भांडवल तेच असतं. तुझ्या मुलीनं आतापर्यंत काय काय पाहिलं आहे? चार प्रकरणांत मला तिची स्वतःची अशी एकही नजर सापडली नाही. ती फक्त खाली बघते. खाली बघणाऱ्याला निदान चपला तरी दिसतात की! कुणाच्या सँडलचा पट्टा सेफ्टी पिनेनं अडकवलाय, कुणी मोठ्या बहिणीचे बूट पुढे कापूस घालून वापरतंय, हे सबंध वर्गात तिलाच ठाऊक असणार.

आपल्याकडे याचा वस्तुपाठ हवा तर प्रकाश नारायण संतांचा लंपन परत वाच. 'वनवास' १९९४ साली आलं, पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावात राहणारा मुलगा. संत स्वतः भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, इंदिरा संतांचे चिरंजीव. लंपनच्या डोक्यात सतत काहीतरी चालू असतं, कशाचेही भलतेच आकडे सांगतो, आणि मैत्रीण सुमी समोर आली की तेच डोकं कसं गडबडतं ते बघ. वाचणाऱ्याला तो एक क्षणही मुखदुर्बळ वाटत नाही, कारण आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो. मात्र नक्कल करू नकोस. लंपनची नक्कल केलेले कितीतरी लेख मी शाळेच्या हस्तलिखितासाठी तपासले आहेत. दुसऱ्या ओळीला ओळखू येतात.

इंग्रजी पुस्तकं वाचून लिहायला बसलीस की एक धोका आहे, तो तुझ्या तिसऱ्या प्रकरणात झालाच आहे. तुझ्या मुलीला 'आज जेवायला कोणाच्या टेबलावर बसू' असा प्रश्न पडतो. तुझी गोष्ट साताऱ्यातली, तिथल्या शाळेत टेबलं कुठून आली? अमेरिकेतल्या हायस्कुलात विषय बदलला की मुलं उठून दुसऱ्या खोलीत जातात. दर तासाला आजूबाजूची माणसं बदलतात, म्हणून तिथे जेवणाच्या हॉलमध्ये कोण कुणाजवळ बसतं याला एवढं महत्त्व. आपल्याकडे मुलं जागच्या जागी आणि बाई-सर ये-जा करतात. साठ-पासष्ट मुलांची एक तुकडी जून ते एप्रिल त्याच खोलीत, त्याच बाकांवर. इथे एकटं पडणं वेगळं असतं. तिथला एकटा मुलगा गर्दीत हरवू शकतो. इथे हरवायला जागाच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकटं बसावं लागतं, तेही बाकावर दुसरी मुलगी खेटून बसलेली असताना.

पण त्याच व्यवस्थेत मैत्रीच्या फटीही आहेत, आणि त्या शाळेनं मुद्दाम ठेवलेल्या नसतात. बाकं उंचीप्रमाणे लावतात, त्यामुळे बुटक्या मुली पहिल्या बाकावर येतात आणि आयुष्यभर एकमेकींच्या राहतात. हजेरी क्रमांक आडनावाप्रमाणे लागतात, म्हणून प्रयोगाच्या जोडीला आणि सहामाहीच्या बैठकीला कांबळेच्या मागे कुलकर्णी आणि कुलकर्णीच्या मागे खान. परीक्षेत एका बाकावर नववीची एक आणि सातवीची एक बसवतात. सातवीतली ती चिमुरडी पेपर संपल्यावर "ताई, तुम्हाला कठीण गेला का?" असं विचारते. वर्गात कुणाशी न बोललेली मुलगी त्या पोरीशी भडाभडा बोलते, कारण लहानांची भीती वाटत नाही. वर्ग झाडायची पाळी, खडू-डस्टर आणायला जाणं, झेंडावंदनाच्या आदल्या दिवशीची रांगोळी, कवायतीत कायम चुकणाऱ्यांची मागची रांग, एकाच एसटीच्या पासवर येणाऱ्या मुली, ऑफ तास. तुझी मैत्री यातल्या एखाद्या ठिकाणी होऊ दे. वर्गात, समोरासमोर, 'माझी मैत्रीण होशील?' असं विचारून नको. ते पहिलीत होतं.

समज, प्रयोगाची जोडी घेतलीस. एक स्पिरिटचा दिवा, दोघींना एकेक परीक्षानळी. जोडीदारीण धांदरट, नळी तडकवते. सर फळ्याकडे वळलेले. तुझी मुलगी काही न बोलता वहीच्या पुठ्ठ्यानं काचा ओढून घेते, कागदात गुंडाळते आणि आपली नळी मधोमध ठेवते, जणू पहिल्यापासून एकच होती. दोघी निरीक्षण लिहून घेतात. तास संपतो. दुसऱ्या दिवशी जोडीदारीण एक चिंच तिच्या वहीवर ठेवून जाते. तीन पानांत एकही संवाद नसला तरी चालेल. मैत्री झाली हे वाचणाऱ्याला कळलं, त्या दोघींना अजून कळायचं आहे.

शाळेबाहेरचीही एक जागा हवीच. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मध्ये, २००४ सालची, मौजेची, मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या या चौघांची ती अर्धवट बांधलेली इमारत आहे ना, तशी. वर्गात जे बोलता येत नाही ते तिथे. आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये, १९३५ साली, मालगुडीच्या शरयू नदीचा काठ हेच काम करतो. मणी आणि नवा आलेला राजम तिथे मारामारी करायला म्हणून जातात आणि दोस्त होऊन परततात. त्या आधीची एक गंमत विसरू नकोस. वर्गात त्या दोघांची चिठ्ठ्यांमधून खडाखडी चालते, आणि चिठ्ठ्या पोचवतो कोण, तर मधे अडकलेला स्वामी. गप्प मुलांना शाळेत हे काम हमखास मिळतं, निरोप्याचं. दोघांची गुपितं कळतात आणि आपण कुणाचेच नसतो. तुझ्या मुलीला एकदा तरी चिठ्ठी पोचवायला लाव.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. नव्या मुलीजवळ पहिल्या आठवड्यात जी आपणहून येऊन बसते, ती बहुतेक वेळा वर्गानं टाकलेली असते. तिलाही कुणी नसतं. ती फार बोलते, किंवा चुगल्या करते, किंवा तिच्या अंगाला रॉकेलचा वास येतो, किंवा नुसतीच दोनदा नापास झालेली असते. नव्या मुलीला हे ठाऊक नसतं. तिला वाटतं, देवच पावला. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या मुली तिला हळूहळू जवळ करू लागतात, आणि त्यांची अट न बोलता स्पष्ट असते: तिला सोड. मी हे दरवर्षी पाहिलं. वरून काहीच घडत नाही. एके दिवशी बाकावरची जागा बदललेली असते, एवढंच. जिला सोडलं ती मुलगी त्या दिवशी जास्तच मोठ्यानं हसते.

तुझ्या कादंबरीचा कणा इथे आहे, पोरी. आपल्याला लाजाळू मुलीची कीव येते, म्हणून आपण तिला निष्पाप समजतो. पण दार एकदा किलकिलं झालं की तीही दुसरीच्या तोंडावर दार लावू शकते. ते तिला करू दे. आणि केल्यावर तिला लगेच पश्चात्ताप होऊन माफी मागायला पाठवू नकोस. ज्या मुलीला पेन मागता येत नाही तिला माफी कशी मागता येईल? तिला ते ओझं फेब्रुवारीपर्यंत वाहू दे, मग काहीतरी वाकडंतिकडं करू दे: हरवलेला नकाशा परत आणून देणं, गॅदरिंगच्या पडद्यामागे तिच्या शेजारी जाऊन उभं राहणं, असलं काहीतरी. ते पुरेल की नाही हे मला विचारू नकोस, त्या दुसऱ्या मुलीला विचार. तिचाही स्वभाव तुला माहीत पाहिजे.

काळाबद्दल थोडं. एकच शैक्षणिक वर्ष घे आणि त्याला धरून राहा. 'शाळा'त नववीचं वर्ष आहे आणि बाहेर आणीबाणी. ती आणीबाणी मुलांना अर्धवटच कळते, म्हणूनच खरी वाटते. तू २०२३ धरलं आहेस, मला विचारशील तर दोन वर्षं मागे जा. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या, खेड्यांत पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. दीड वर्ष मोबाइलच्या चौकोनात कॅमेरा बंद करून बसलेली मुलं एकदम वर्गात आली. ज्यांना तोंड लपवायचं असतं त्यांच्यासाठी मास्क म्हणजे पर्वणीच. वर्गातल्या मुलींना एकमेकींचे फक्त डोळे ठाऊक. डबा वाटून खाऊ नका, लांब बसा, अशा सूचना. मग एके दिवशी डबा खाण्यासाठी समोरची मुलगी मास्क खाली ओढते आणि कळतं, हिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत, हनुवटीवर जन्मखूण आहे. आपण मनात काढलेला चेहरा निराळाच होता. असा प्रसंग दुसऱ्या कुठल्या वर्षी लिहिता येणार नाही. शिवाय त्या वर्षी सगळ्याच मुलांना कसं बोलायचं ते विसरल्यासारखं झालं होतं, त्यामुळे तुझी मुलगी पहिले काही दिवस इतरांसारखीच दिसेल. बाकीचे सावरतात, ती राहते. तिचं वेगळेपण तिथून दिसायला लागू दे.

आणि व्हॉट्सअ‍ॅप विसरू नकोस. वर्गाच्या ग्रुपवर हीच मुलगी अशी काही फिरकी घेते की सगळे हसतात, आणि दुसऱ्या दिवशी समोर आल्यावर कुणाला विश्वास बसत नाही की ती हीच. माझ्या वेळी हे नव्हतं, पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फार पाहिलं.

भाषेचं बघ. मुलगी चिपळूणची, बाबांच्या बदलीनं साताऱ्यात आलेली. मग ती पहिल्याच दिवसापासून पुस्तकी मराठी कशी बोलते? तिनं एकदा सहज 'काय गो' म्हटलं असणार आणि मागच्या बाकावर खसखस पिकली असणार. तोंड मिटायला एवढं कारण पुरे होतं. त्यानंतर ती प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मनात साताऱ्याचं करून बघते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. घरी आल्यावर मात्र आईशी धो धो कोकणी वळणानं. तू चिपळूणला आजोळी राहिली आहेस, तुला हे कान देऊन लिहिता येईल.

मोठ्या माणसांना जरा आवर घाल. विशेषतः शिक्षिकेला. तुझ्या गोष्टीतल्या मराठीच्या बाई तिला स्टाफरूममध्ये बोलावून आत्मविश्वासावर दीड पान बोलतात. मी मराठीची बाई होते म्हणून सांगते, त्या दीड पानाचा उपयोग फक्त बाईंना होतो. चार्लीला बिल नावाचे इंग्रजीचे शिक्षक भेटतात, ते त्याला एकामागून एक पुस्तकं देतात आणि त्यावर लिहून आण म्हणतात. एवढंच. शिक्षकाच्या हातात तेवढंच असतं: एखादं पुस्तक द्यायचं, बाकाची जागा बदलायची, हजेरीला तिचा हळू आवाज ओळखून मान वर न करता खूण करायची. हे शेवटचं तुझ्या बाईंना देऊन टाक.

आईवडिलांना खलनायक करू नकोस आणि लाजाळूपणाला भूतकाळातलं मोठं कारणही शोधू नकोस. 'वॉलफ्लॉवर'मध्ये चार्लीच्या लहानपणात एक भयंकर गोष्ट दडलेली आहे, ती शेवटी उलगडते. त्या आणि इतर प्रसंगांमुळे अमेरिकेत हे पुस्तक शाळा-ग्रंथालयांतून काढा अशी मागणी वारंवार झाली. शबॉस्कीनं ती गोष्ट जबाबदारीनं सांभाळली आहे. पण त्याच्या मागून लिहिणाऱ्यांनी एवढंच उचललं: मूल गप्प आहे ना, म्हणजे त्याच्यावर काहीतरी बेतलेलं असणार! अगं, बहुतेक गप्प मुलं नुसतीच गप्प असतात. तुझे आजोबा कुठे कुणाशी बोलायचे? कारण दिलंस की वाचणारा सुटतो. कारण नसलं की त्याला तिच्यासोबत राहावं लागतं.

शेवट कसा करायचा म्हणून विचारलंस. 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये राजमच्या वडिलांची बदली होते. आगगाडी सुटत असताना स्वामी रुसलेल्या मित्रासाठी एक पुस्तक घेऊन धावतो. ते त्याच्या हातात पडतं, पण मित्राच्या मनातली अढी गेली की नाही हे स्वामीला नक्की कळत नाही. 'शाळा'त मुकुंदला आवडणारी शिरोडकर गाव सोडून जाते. शाळेच्या कादंबऱ्या बहुधा कुणाच्या तरी जाण्यावर संपतात, आणि ते बरोबरच आहे. वर्ष संपलं की तुकड्या फुटतात. तुझी मुलगी स्वतःच बदलीनं आलेली असल्यामुळे तुला एक निराळी वाट आहे. यंदा दुसरीच कुणी जाते आणि हिला पहिल्यांदा मागे राहावं लागतं. निरोप कसा घेतात ते हिला चांगलं ठाऊक आहे, निरोप देतात कसा ते माहीत नाही. पण हे तू ठरव. गाडी, स्टेशन आणि रुमाल मात्र नको, नारायणांनी ते एकदा इतकं चांगलं केलंय की पुन्हा करू नये.

वय लहान म्हणून बिचकू नकोस. एस. ई. हिंटननं 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती आणि १९६७ साली छापून आली तेव्हा अठराची. तू तर एकवीसची आहेस, म्हणजे खरं तर उशीरच झाला म्हणायचा!

ही कुमारांसाठी की मोठ्यांसाठी, हे आत्ता ठरवू नकोस. 'शाळा' चौदा वर्षांच्या मुलांवर आहे, ती कुमार वाङ्मय म्हणून लिहिलेली नाही आणि मुलं ती वाचायची थांबली नाहीत. पहिला खर्डा हातानं लिहून काढ, संगणकावर नंतर घे. हातानं लिहिताना भाषणं आपोआप तोकडी होतात. संवाद मोठ्यानं वाचून बघ, दार लावून. जिथे तुलाच लाज वाटली तिथे ते वाक्य खोटं आहे किंवा फार खरं आहे, दोन्ही वेळा थांबून बघ.

खर्डा पुरा झाला की आधी मला नको, तुझ्या सरांनाही नको. शेजारच्या त्या नववीतल्या मुलीला दे, जी जिन्यात भेटली की भिंतीला चिकटते. कशी वाटली म्हणून विचारायचं नाही, ती 'छान' म्हणेल आणि पळेल. पानांचा गठ्ठा परत आला की कोणत्या पानाचा कोपरा दुमडलाय, कुठे तेलाचं बोट लागलंय, कुठपर्यंत पानं चुरगळलीत आणि कुठून पुढे कोरी करकरीत आहेत ते बघ. तिथून पुढचं पुन्हा लिहायला घे.